एलईडी बल्ब लवकर का उडतो? या चुका टाळा

खोक्यावर २५,००० तास छापलेले असतात आणि बल्ब एका दिवाळीपासून दुसरीपर्यंतही टिकत नाही. माल कधीकधी खरंच हलका असतो, नाही असं नाही. पण बऱ्याचदा आपण एलईडीला जुन्या पिवळ्या बल्बच्या सवयीने वापरतो आणि गडबड तिथेच होते.

१८७९च्या सुमारास इंग्लंडात जोसेफ स्वान आणि अमेरिकेत एडिसन यांनी पेटवलेल्या बल्बमध्ये कार्बनची तार तापून प्रकाश द्यायची. पुढे तार टंगस्टनची झाली, पण आधी उष्णता आणि मग उजेड हा क्रम तोच राहिला. त्या बल्बला गरमीचं कसलं भय? त्याची बरीचशी उष्णता उजेडासोबतच बाहेर फेकली जाई. एलईडीचा उजेड अर्धवाहक चिपमधून येतो आणि तिची उष्णता उलटी, बल्बच्या मानेकडे जाते. नेमका तिथेच ड्रायव्हर, म्हणजे वीज बदलून देणारं छोटं सर्किट बसवलेलं असतं.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सगळीकडून बंद काचेच्या हंडीत किंवा हवा न खेळणाऱ्या पीओपीच्या खोबणीत साधा एलईडी बल्ब लावणे. ड्रायव्हरमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ती एकसारखी ठेवणारा छोटा भाग, गरमीने सुकत जातो. आधी लुकलुक, मग अंधार. शिवाय बऱ्याच बल्बमध्ये चिपा एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक जळाली की सगळ्याच बंद. अशा जागी बंद फिटिंगसाठीचाच बल्ब घ्या, नाहीतर कमी वॉटचा.

बटण बंद करूनही बल्ब मिणमिणतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. बल्ब खराब नसतो. एकतर बटणात लाल इंडिकेटर असतो आणि त्याच्यातून जाणारा किंचित प्रवाह एलईडीला पुरतो; किंवा वायरिंग करताना बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) टाकलेलं असतं. दुसरी भानगड गंभीर आहे. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहते, आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. मेन बंद करून वायरमनला बोलवा.

डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, बल्ब थरथरत असेल तर खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलंय का ते बघा. नसेल तर तो बल्ब तिथून काढा.

वॉट बघून बल्ब घेणंही सोडा. वॉट म्हणजे खर्च, उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा, तेवढा उजेड आज ९ वॉटचा एलईडी देतो. रंग केल्विनवर ठरतो: २७०० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. झोपायच्या खोलीत ६५०० मला तरी दवाखान्यासारखा वाटतो.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना चोक आणि स्टार्टरचं काय करायचं, ते ट्यूबसोबतच्या कागदावर दिलेलं असतं. काही ट्यूबना एकाच टोकाला वीज लागते, काहींना दोन्ही टोकांना. तो कागद फेकण्याआधी वायरमनच्या हातात द्या.