लॅपटॉपचा स्क्रू घसरला की आधी हात थांबवा

दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी लॅपटॉपांचा मूळ बिघाड किरकोळ असतो, पण स्क्रूची डोकी घासून वाटीसारखी गोल झालेली असतात. कारण बहुतेकदा एकच, चुकीचा बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक. लॅपटॉपचे बरेचसे स्क्रू एम २ किंवा एम २.५ मापाचे, म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर जाडीचे. चार खाचांच्या स्क्रूला बहुधा पीएच ० (फिलिप्स, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा बिट) लागतो, आतल्या बारीक स्क्रूंना त्याहून लहान पीएच ००. घरात पडलेला कुठलाही बारीक स्क्रूड्रायव्हर चालवून घेऊ नका. बिट खाचेत ठेवून हलवून बघा. डुगडुगला तर एक माप मोठा घ्या. जोर आधी खाली दाबायला, मग फिरवायला.

आणखी एक. स्क्रू हलत नाही म्हणजे गंजलाय असं नाही. अनेक स्क्रूंच्या आट्यांना कारखान्यातच निळा थर लावलेला असतो, सैल होऊ नये म्हणून. त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून काहीही होत नाही, फक्त बोर्ड तेलकट होतो.

आता ड्रिल. याचा मला मनापासून राग आहे. एका कॉलेजच्या मुलाची बिजागरी तुटली होती. एक स्क्रू घसरला, त्याने जोर वाढवला, खाच पार गेली. मग मित्राचं ड्रिल आणलं. ते सटकून डिस्प्लेची केबल कापली गेली. वर आतला कीस न झाडताच लॅपटॉप चालू केला. भिंगाखाली धरला तर चार्जिंगच्या भागातल्या कपॅसिटरांमध्ये धातूचे चकचकीत कण अडकलेले आणि बाजूची एक आयसी (चिप) काळी पडलेली. बिजागरीचं काम मदरबोर्डावर गेलं, ते केवळ दहा मिनिटं धीर नव्हता म्हणून.

मी काय करतो? बॅटरी काढून बाजूला ठेवतो. बिजागरीचा स्क्रू धातूच्या पट्टीवर असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवतो. निळा थर मऊ पडतो, मग गरम असतानाच फिरवायचा. डोकं वर आलेलं असेल तर छोट्या पकडीने कडेला धरून वळवतो. खाच उरलीच नसेल तर जरा मोठा टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारखा) बिट दाबून घट्ट बसवतो. प्लास्टिकच्या कव्हरवर मात्र आयर्न नको, भोकाची कड वितळते.

बिट आणि स्क्रूच्या मध्ये रबर बँड धरून फिरवायची युक्ती नुकत्याच घसरलेल्या स्क्रूला कधीकधी चालते, पार गुळगुळीत झालेल्याला नाही. फेव्हिक्विक तर नकोच. ते आट्यांत उतरलं की स्क्रू कायमचा बसला.

निघालेला खराब स्क्रू परत लावू नका. नवा लावा, पण त्याच लांबीचा. लांब स्क्रू कीबोर्डच्या बाजूने पॅनेल फोडून बाहेर येतो, नाहीतर बोर्डात घुसतो.