परदेशी एमबीबीएस: पैसे भरण्याआधी एजंटला हे विचारा

एजंट फी, हॉस्टेल आणि भारतीय मेसबद्दल भरभरून बोलतो. तुम्ही मात्र त्याला एकच प्रश्न विचारा: ही पदवी घेतल्यावर त्या देशात, तिथल्याच नागरिकाप्रमाणे, डॉक्टरकीचा परवाना मिळतो का? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार हे भारतात नोंदणीसाठी आवश्यक आहे. उत्तर लेखी घ्या आणि त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेकडूनही खात्री करा.

मग अभ्यासक्रमाचे महिने मोजा. किमान 54 महिने, इंग्रजी माध्यमातून, आणि त्यानंतर त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप. खरी गोम इथे असते. फिलिपिन्समध्ये एमडीआधी (तिथली एमबीबीएससारखी पदवी) बीएस, म्हणजे विज्ञानाची पदवी, करावं लागतं. ती वर्षं या 54 महिन्यांत धरत नाहीत. 'सहा वर्षांचा कोर्स' ऐकून खूश होऊ नका, त्यात वैद्यकीय शिक्षण नेमकं किती ते पाहा. मध्येच कॉलेज बदलण्याचा विचारही नको. आणि 'नीट' या प्रवेशपरीक्षेतली पात्रता हवीच, 'तिकडे नीट लागत नाही' म्हणणाऱ्याला सरळ नमस्कार करा.

परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची भारतातली पात्रता परीक्षा: 300 प्रश्न, पास व्हायला 150 गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. साधारणपणे जून आणि डिसेंबरमध्ये ही परीक्षा होते. पास झालात की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी, मग इथली इंटर्नशिप. गुणपत्रिका, पासपोर्टवरचे शिक्के, व्हिसा यांच्या प्रती पहिल्या वर्षापासून एका फाइलीत लावत जा.