हीथवर पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

हीथ म्हणजे निकस वाळूची, बुटक्या झुडपांची मोकळी जमीन. थर्स्ली कॉमन, सरे ही तशीच एक. इंग्लंडमधला माझा पहिला जून. गॉर्सच्या काटेरी झुडपाच्या शेंड्यावर डार्टफर्ड वॉर्बलर हा छोटा पक्षी बसला होता, शेपटी उभी, डोळा लालबुंद. फोटोसाठी मी पायवाट सोडून हेदरच्या बुटक्या झुडपांत शिरले. वीसेक पावलं गेले असेन, तोच पायाशी एक पक्षी भर्रकन उठला आणि जरा पुढे जाऊन पंख मोडल्यासारखा जमिनीवर फडफडू लागला. रातवा! जिथे पुढचं पाऊल पडणार होतं, तिथे वाळक्या काटक्यांत दोन अंडी होती. घरटं असं काही नाहीच. मी तशीच मागे फिरले. पाइनवर कावळा होता. आठवड्यानंतर वॉर्डननी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा अंडी नव्हती. कावळ्यानंच नेली का, हे कुणी पाहिलं नाही. पण मी उठवलं नसतं तर रातवा अंड्यांवरून हलला नसता, आणि ते मला आजही सलतं.

म्हणून हे नीट समजून घ्या. रातवा आफ्रिकेतून मेच्या सुमारास येतो आणि उघड्या जमिनीवर अंडी घालतो. त्याची सगळी भिस्त अंगावरच्या रंगावर. तुम्ही अगदी जवळ येईपर्यंत तो हलत नाही. म्हणजे ‘मी बघून चालते, काही दिसलं तर थांबते’ याला काहीच अर्थ नाही. दिसतो तेव्हा तो उठलेला असतो आणि अंडी उघडी पडलेली असतात. वुडलार्क पक्षीही जमिनीवरच घरटं करतो, डार्टफर्ड वॉर्बलर गॉर्स-हेदरमध्ये खाली. मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यानं हेच होतं. खुल्या प्रवेशाच्या जमिनीवर, म्हणजे जिथे कुणालाही पायी फिरायची मुभा असते तिथे, १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरच्या आतल्या दोरीनं बांधलेला हवा, हा कायदाच आहे. माणसाला दोरी नसते, त्यानं पायवाट धरायची.

अ‍ॅपवर ठिकाण शोधून, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, मला ही पद्धत अजिबात मान्य नाही. सूर्यास्तानंतर वाटेवरच गप उभं राहा. शेजारच्या घरात शिलाई मशीन चालू असावं तसा सलग आवाज येतो. तोच रातवा.

हिवाळ्यात स्वयंसेवक म्हणून गेलात की पहिल्याच दिवशी हातात करवत देतील, बर्चची झाडं तोडायला. ‘झाडं लावा’ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे जड जातं, मलाही गेलं. पण हीथ माणसानं राखलेली जागा आहे. कांस्ययुगापासून लोकांनी जंगल तोडलं, गुरं चारली, सरपणाला गॉर्स कापलं, म्हणून ही निकस वाळूची जमीन मोकळी राहिली. ते थांबलं की बर्च आणि पाइन पसरतात. १८०० पासून इंग्लंडमधलं ८० टक्क्यांहून अधिक हीथ गेलं, शेतीखाली, घरांखाली आणि लावलेल्या पाइनखालीही. आपल्याकडे माळरानाला पडीक म्हणून खड्डे खणून रोपं लावतात, तेव्हा तणमोर पक्ष्याचं घर असंच जातं. बर्चचं रोप लहान असतानाच मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर बुंध्यातून चार फांद्या फुटतात.

हे मला वर्गात कळलं नाही. तीस-तीस वर्षं त्याच हीथवर राबणाऱ्या म्हाताऱ्या स्वयंसेवकांनी दाखवलं. महागड्या प्रमाणपत्रापेक्षा त्यांच्याबरोबरचा एक हिवाळा मी केव्हाही घेईन.

हेदरमध्ये पत्र्याचे तुकडे ठेवलेले दिसले तर उचलू नका. ते सापा-सरड्यांच्या नोंदीसाठी असतात. स्मूथ स्नेक आणि सँड लिझार्ड यांना परवान्याशिवाय हात लावणं गुन्हा आहे. सापा-सरड्यांवर प्रबंध लिहायचा असेल, तर परवाना नाही म्हणून तो अडेल, अशी धास्ती घेऊ नका. परवानाधारकाच्या हाताखाली एक हंगाम काढा, अनुभवही तिथेच जमतो.

तोडणीचं काम साधारण ऑक्टोबरात सुरू होतं. जाड चामडी हातमोजे न्या. लोकरीच्या मोज्यांतून गॉर्सचे काटे आरपार जातात.