लिस्टच्या आतल्या लिस्टमध्ये घटकाचे स्थान कसे शोधावे

पायथनमध्ये साध्या लिस्टमधला घटक कितव्या स्थानी आहे हे इंडेक्स ही मेथड लगेच सांगते. पण लिस्टच्या आत लिस्ट असली की घटक डोळ्यांसमोर दिसत असतानाही तीच मेथड व्हॅल्यू एरर देते, कारण ती फक्त सर्वांत बाहेरच्या पातळीवरचे घटक तपासते. पुढील वेळापत्रक पाहावे.

वेळापत्रक = [['गणित', 'मराठी'], ['भूगोल', ['चित्रकला', 'शिवण']], ['मराठी', 'विज्ञान']]

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीत चालतात, त्यामुळे ही ओळ आहे तशी चालवून पाहता येईल. कोडमधले अंक मात्र इंग्रजीच लिहावे लागतात. येथे 'चित्रकला' हा घटक वेळापत्रक[1][1][0] या ठिकाणी आहे. म्हणजेच त्याचे स्थान हा एक आकडा नसून (1, 1, 0) असा मार्ग आहे, आणि आपण लिहिणार असलेल्या फंक्शनने ट्यूपलच्या (बदलता न येणाऱ्या यादीच्या) रूपात हा मार्गच परत द्यायला हवा.

लिस्टची खोली ठरलेली असेल, उदाहरणार्थ फक्त ओळी आणि रकाने असतील, तर एकात एक असे दोन लूप पुरतात. प्रत्येक लूपमध्ये एन्युमरेट वापरावे, म्हणजे घटक आणि त्याचा क्रमांक दोन्ही एकदम मिळतात. लूपमध्ये हाती आलेल्या ओळीचा क्रमांक बाहेरच्या लिस्टला इंडेक्सने पुन्हा विचारणे मी कटाक्षाने टाळतो. ती मेथड पहिली समान ओळ शोधते. सोमवार आणि गुरुवारचे तास सारखेच असतील तर गुरुवारची चौकशी केल्यावरही उत्तर सोमवारचे येते, आणि एररही येत नसल्यामुळे ही चूक फार उशिरा लक्षात येते.

खोली ठाऊक नसेल तर रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे, वापरावे. फंक्शनला तीन गोष्टी द्याव्यात: लिस्ट, शोधायचा घटक आणि आतापर्यंतचा मार्ग, जो सुरुवातीला रिकामा ट्यूपल असतो. प्रत्येक घटकासाठी जुन्या मार्गाला त्याचा क्रमांक जोडून नवा मार्ग तयार करावा. घटक हवा तोच असेल तर हा मार्ग परत द्यावा. तसा नसून तो स्वतः लिस्ट असेल तर त्याच फंक्शनला ती आतली लिस्ट आणि नवा मार्ग द्यावा, आणि तिथून उत्तर आले तरच ते पुढे पाठवावे. आतून आलेले उत्तर न तपासता परत दिले, तर पहिल्याच आतल्या लिस्टमध्ये घटक न सापडताच शोध थांबतो. सगळे घटक संपले तर नन (None, म्हणजे 'काही नाही') परत द्यावे. मार्गासाठी लिस्टऐवजी ट्यूपल घेण्याचे कारण असे की सामायिक लिस्टमध्ये अपेंड करत गेल्यास फसलेल्या वाटांचे क्रमांक मुद्दाम काढून टाकावे लागतात. ट्यूपलच्या बाबतीत प्रत्येक फांदीला आपला स्वतंत्र मार्ग मिळतो.

'मराठी' मात्र (0, 1) आणि (2, 0) अशा दोन ठिकाणी आहे. सर्व स्थाने हवी असतील तर रिटर्नऐवजी यील्ड, जे फंक्शन न संपवता एकेक उत्तर देत जाते, वापरावे आणि आतल्या लिस्टसाठी यील्ड फ्रॉम, जे पायथन ३.३ पासून उपलब्ध आहे.

आत शिरण्यापूर्वी घटक खरोखर लिस्ट आहे का, हे इझइन्स्टन्सने तपासावे. ज्यावर लूप चालतो त्या प्रत्येक गोष्टीत शिरायचे ठरवले, तर स्ट्रिंगमध्येही, म्हणजे 'गणित'सारख्या मजकुरातही, शिरावे लागते. एका अक्षरचिन्हाच्या स्ट्रिंगवर लूप चालवला की पुन्हा तीच स्ट्रिंग हाती येते, आणि रिकर्शनची मर्यादा, जी सहसा १००० असते, ओलांडली जाऊन प्रोग्रॅम थांबतो. आकडे शोधतानाही सावध राहावे, कारण पायथनच्या दृष्टीने 1 आणि ट्रू समान आहेत.

सापडलेल्या जागी नवा घटक ठेवायचा असेल तर मार्गातला शेवटचा क्रमांक बाजूला ठेवून उरलेल्या क्रमांकांनी एकेक पातळी आत जावे आणि त्या शेवटच्या क्रमांकावर नवी किंमत द्यावी. मध्येच एखादा घटक काढला किंवा घातला, तर त्याच्यानंतरचे क्रमांक सरकतात, म्हणून अशा बदलानंतर जुने मार्ग न वापरता शोध नव्याने घ्यावा.