लहान मूल सांभाळताना अभ्यासाची चालढकल कशी मोडावी

लेक दहा महिन्यांची असताना मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला आणि पहिले सहा महिने माझे एकही पुस्तक विसाव्या पानापुढे सरकले नाही. पहाटे चारला उठावे, असे मला अनेकांनी सांगितले. रात्रीतून तीनदा दूध पाजायला उठणाऱ्या आईला हा सल्ला कोणीही देऊ नये. तो मी आठ दिवस पाळला, नवव्या दिवशी तापाने पडले आणि त्यात पुढचे तीन आठवडे गेले.

सुरुवात तासांच्या हिशेबाने करावी. या विद्यापीठात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे आठ श्रेयांकांच्या एका विषयाला २४० तास लागतात. लेकीच्या दुपारच्या झोपेतली ४० मिनिटे सहा दिवस, आठवड्यातल्या चार रात्री पाऊण-पाऊण तास आणि रविवारचे सलग तीन तास मिळून माझ्या आठवड्याचे दहा तास होत. या गतीने एक विषय २४ आठवड्यांत संपतो आणि ६४ श्रेयांकांचे आठ विषय पावणेचार वर्षांत. एम.ए.साठी विद्यापीठ किमान दोन आणि कमाल चार वर्षे देते. हा हिशेब मांडला त्या संध्याकाळी मी दोन वर्षांचा हट्ट सोडला. जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रपरीक्षा असतात, तेव्हा प्रत्येक सत्राला एकच विषय धरावा. तोवर मी चार विषयांची पुस्तके एकदम समोर ठेवत असे आणि त्यांच्या ओझ्यानेच एकही उघडत नसे.

जागा एकच ठरवावी आणि वही-पुस्तक तिथून हलवू नये.

आता खरी अवघड पायरी, म्हणजे मूल झोपल्यानंतरची पहिली पाच मिनिटे. लेकीच्या मानेखालून हात अलगद काढायचा, अंगावर दुपटे सारायचे, दाराची कडी वाजू न देता बाहेर यायचे, इथपर्यंत मला सगळे साधत असे. बाहेर आल्यावर ओट्यावरचा खरकटा कुकर दिसे आणि ‘एवढे आवरते आणि बसते’ असे म्हणून मी भांड्यांना हात घालीत असे. भांडी झाली की कपड्यांच्या घड्या, घड्या झाल्या की दोन मिनिटे फोन, आणि फोन खाली ठेवेपर्यंत आतून रडण्याचा आवाज येई. याला मी आळस समजत होते आणि स्वतःला दोष देत होते, हे चूक होते. थकलेल्या माणसासमोर ‘अभ्यास करायचा’ एवढेच मोघम काम असेल, तर हात आपोआप त्या कामाकडे जातो जे कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे स्पष्ट दिसते. भांडी हे तसे काम आहे.

म्हणून अभ्यासालाही भांड्यांइतके स्पष्ट रूप द्यावे लागते, आणि ते आदल्या बैठकीतच द्यावे लागते. प्रत्येक बैठकीची शेवटची दोन मिनिटे राखून एका चिठ्ठीवर पुढचे काम लिहावे व ती चिठ्ठी उघड्या पुस्तकावर पेन्सिलीखाली ठेवावी. चिठ्ठीत पान क्रमांक, नेमकी कृती आणि ती कुठे संपते, या तिन्ही गोष्टी हव्यात. ‘घटक सात वाचणे’ अशा चिठ्ठ्या मी महिनाभर लिहिल्या आणि त्यांतून काहीही झाले नाही. उपयोगी पडलेली चिठ्ठी अशी होती: ‘पान ४२ ते ४५. मोगल सत्तेच्या ऱ्हासात इतिहासकार इरफान हबीब शेतीव्यवस्थेच्या संकटावर भर देतात आणि सतीश चंद्र जहागीरदारीच्या पेचावर. दोन्हींतला फरक पाच ओळींत लिहिणे.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा आगाऊ ठरावाविषयी सविस्तर लिहिले आहे. माझा ठराव एवढाच होता की, खोलीचे दार लोटले की थेट चिठ्ठीकडे जायचे आणि वाटेत स्वयंपाकघरात शिरायचे नाही.

शिवाय प्रकरण पूर्ण करून थांबू नये. परिच्छेद अर्धा असतानाच उठावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी निदान ते वाक्य पुरे करण्यासाठी तरी पेन्सिल हातात येते.

मूल झोपलेले असताना घरकाम करायचेच नाही, याबाबत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. लेक जागी असताना तिला समोर बसवून मटार सोलता येतात, घड्या घालता येतात, वाट्या-चमचे तिच्या पुढ्यात ठेवून कणीकही मळता येते. पाच ओळींचे उत्तर मात्र लिहिता येत नाही. हे मी सासूबाईंना स्पष्ट शब्दांत सांगितले. चार दिवस त्यांना बेसिनमधली भांडी खुपली, नंतर त्यांनीच शेजारच्या काकूंना ‘दुपारी बेल वाजवू नका’ असे बजावले.

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलो यांची पद्धत चांगली असली, तरी त्यांनी ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठात शिकत असताना स्वतःसाठी बसवली होती. मूल तिसाव्या मिनिटाला उठू शकते, तेव्हा दुपारच्या झोपेत विश्रांती घेऊ नये. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

मूल लवकर उठले तर चिठ्ठीवर जिथवर आलो तिथे खूण करून उठावे, त्या दिवसाची भरपाई रात्री जागून करू नये. साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांची दिवसातल्या दोन झोपांपैकी एक, सहसा सकाळची, सुटते. तेव्हा जुने वेळापत्रक ओढत न बसता नवे मांडावे. माझे त्या काळात दोन आठवडे वाया गेले, कारण न येणाऱ्या सकाळच्या झोपेची मी रोज वाट पाहत राहिले.

स्वाध्याय, म्हणजे विद्यापीठाकडे लिहून द्यायची उत्तरे, रात्रीच्या पाऊण तासात लिहावेत, कारण तेव्हा नवे वाचलेले डोक्यात राहत नाही, पण वाचलेले उतरवता येते. त्यांना बहुतेक विषयांत ३० टक्के गुण असतात.

रविवारचे तीन तास आयते मिळत नाहीत, ते मागावे लागतात. ‘जमेल तेव्हा हिला घ्या’ असे म्हटले तर ते कधीच जमत नाही. मी नवऱ्याला वेळ आणि जागा दोन्ही सांगितली: सकाळी नऊ ते बारा, दोघांनी घराबाहेर, बागेत किंवा आत्याकडे. पिशवीत दोन लंगोट, पाण्याची बाटली आणि मऊ भाताचा डबा मी शनिवारी रात्रीच काढून ठेवत असे, भात तेवढा सकाळी भरायचा. पहिल्या रविवारी ती दोघे पाऊण तासात परतली. तिसऱ्या रविवारी बारा वाजून गेले तरी आली नाहीत, आणि त्या दिवशी माझा पहिला स्वाध्याय लिहून पूर्ण झाला.