ऊसतोडीआधी खुराड्याला आपोआप मिटणारे दार बसवून घ्या

गळीत हंगाम तोंडावर आला आहे. उसाचे फड मोकळे होऊ लागले की त्यात दडून राहिलेली रानमांजरे आणि कोल्हे वस्तीच्या कडेला सरकतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबटेही. दिवसही याच काळात आखडतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुण्याकडे सूर्य साधारण ६:२० ला मावळतो, नोव्हेंबर सरताना सहाच्या आत. हरभऱ्या-गव्हाची पेरणी, रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणे, आठवडी बाजार यांत घरची माणसे गुंतलेली असतात आणि दिवेलागणीला कोंबड्या झाकायच्या राहून जातात. एक संध्याकाळ चुकली तरी पुरे. परसातल्या कोंबड्या बहुतेक घरांत बाईच्या हातच्या असतात आणि अंड्यांचे चार पैसेही तिचेच, म्हणून आपोआप मिटणारे दार बसवायचे काम पुढे ढकलू नये असे आमचे मत आहे.

आधी खुराडे तपासा, मोटर नंतर. षटकोनी कोंबडी-जाळी कुत्रे दाताने फाडते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी जाळी) लावा आणि घूस उकरून आत येऊ नये म्हणून तीच जाळी भिंतीच्या बुडापासून फूटभर बाहेर जमिनीत आडवी पुरा. बिबट्याला असले दार थोपवू शकत नाही. तिथे खुराडे घराच्या भिंतीला लागून, पक्क्या बांधणीचे आणि वरूनही बंद हवे. मुंगूस दिवसाढवळ्या फिरते, तेव्हा त्याच्यासाठी दाराचा उपयोग नाही. आवारावर लक्षच ठेवावे लागते.

दार वरखाली सरकणारेच करा. बिजागरीच्या दाराच्या फटीत पेंढा, विष्ठा अडकते आणि ते पूर्ण मिटत नाही. एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच मोकळी जागा गिरिराज, वनराजसारख्या सुधारित जातीच्या, अंगाने भरलेल्या कोंबडीलाही पुरते. लाकडी फळी पावसाळ्यात फुगून खोबणीत अडकते, म्हणून ३ मिमी जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा घ्या. एवढ्या मापाचे दार साधारण किलोभर भरते. दोन्ही बाजूंच्या खोबणीला स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे उरलेले तुकडे मिळतात. दाराला खोबणीत ३ ते ४ मिमी खेळ ठेवा. खालचा उंबरा सपाट नको. त्याला बाहेरच्या बाजूने इंचभर उंच पट्टी ठोका, म्हणजे मिटलेल्या दाराची खालची कड त्या पट्टीच्या आड जाईल आणि बाहेरून पंजा घालायला जागा उरणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. दोरीने ओढले जाणारे दार बाहेरून वर उचलता येते. लिनियर अॅक्च्युएटर (मोटरने दांडा सरळ रेषेत पुढे-मागे सरकवणारे यंत्र) लावला तर दार उचलले जात नाही, पण त्याचा जोर इतका असतो की उंबऱ्यावर उभी राहिलेली कोंबडी चिरडली जाऊ शकते. विकत मिळणारे तयार दार घेणार असाल, तर मध्ये काही आले की ते थांबते का, हे दुकानदारासमोर हात न घालता पाण्याची भरलेली बाटली ठेवून पाहा. गावातच करून घेणार असाल, तर दोरीचे दार आणि त्यावर खिट्टी हा मार्ग आम्हाला सगळ्यांत बरा वाटतो. दाराच्या वरच्या भागात दोन छोट्या पट्ट्या स्क्रूवर सैल फिरतील अशा बसवायच्या आणि दोरी त्यांनाच बांधायची. मोटर दोरी ओढते तेव्हा आधी पट्ट्या आत वळतात, मगच दार वर चढते. दार खाली टेकून दोरी सैल पडली की पट्ट्या आपल्या वजनाने बाहेर पडतात आणि चौकटीला ठोकलेल्या खुंटीखाली अडकतात. बाहेरून कितीही उचकले तरी दार जागचे हलत नाही, आणि खाली येताना कोंबडीवर भार पडतो तो फक्त दाराचा.

विजेचे गणित सोपे आहे. १२ व्होल्टची गिअर मोटर दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा मिनिट फिरते, तिला जवळजवळ काहीच लागत नाही. चोवीस तास चालू राहणारा टायमर आणि रिले (टायमरच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच) त्याहून जास्त खातात. ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि १० वॉटचे सोलर पॅनेल असले की ढगाळ आठवडाही निभावतो. घरच्या लाईनवर दार ठेवू नका. वीज जायची वेळ आणि कोंबड्या झाकायची वेळ अनेकदा एकच असते.

टायमर की उजेड ओळखणारा सेन्सर? सेन्सरला दर महिन्याला हात लावावा लागत नाही, पण परतीच्या पावसाचे काळे ढग दुपारी चारला दाटले की तो दार मिटवतो आणि कोंबड्या बाहेर भिजत राहतात. म्हणून टायमर घ्या, आणि वेळ आपल्याच कोंबड्यांकडे पाहून ठरवा. सलग तीन-चार संध्याकाळी बाजूला बसून शेवटची कोंबडी किती वाजता आत जाते ते बघा. सहसा ती सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांत गेलेली असते. दार त्यानंतर आणखी पंधरा-वीस मिनिटांनी मिटू द्या. नागपूरकडे सूर्य मुंबईपेक्षा पंचवीसेक मिनिटे आधी मावळतो, तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातल्या पाहुण्याने लावलेली वेळ जशीच्या तशी उचलू नका. नोव्हेंबरच्या अखेरीनंतर संध्याकाळ पुन्हा लांबू लागते, सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच उजाडते. त्यामुळे दोन्ही वेळा वेगवेगळ्या बदलाव्या लागतात.

सकाळी उजाडल्या उजाडल्या दार उघडायची घाई नको. रानमांजराची ती शिकारीची वेळ, आणि कोंबड्याही बरीचशी अंडी सकाळीच घालतात. साडेआठपर्यंत आत राहिल्या तर अंडी खुराड्यातच मिळतात, कुंपणाच्या झुडपात शोधत फिरावे लागत नाही. आत पाण्याचे भांडे मात्र हवेच.

गावरान कोंबड्यांना जांभळीवर, चिंचेवर चढून झोपायची सवय असते. अशा कोंबड्यांना रात्री अंधारात उतरवून आठवडाभर रोज आत ठेवा आणि संध्याकाळचे मूठभर दाणे आतच टाका. मोटरचा आवाज अंगवळणी पडावा म्हणून दार दिवसा चार-सहा वेळा चालवून दाखवा. पहिले पंधरा दिवस दार मिटल्यावर टॉर्च घेऊन दांडीवरच्या कोंबड्या मोजाच.

दिवाळीत वेगळी काळजी घ्या. फटाक्यांनी बुजलेल्या कोंबड्या वळचणीला, गाडीखाली दडतात आणि वेळेवर आत येत नाहीत. त्या चार दिवसांत पहिला फटाका वाजण्याआधी दाणे टाकून कोंबड्या आत घ्या, आणि सेन्सरचे दार असेल तर आकाशकंदिलाचा उजेड त्यावर पडत नाही ना, ते पाहून मगच कंदील टांगा.