पाळी जायच्या वयात रक्त कमी, त्यात आपण शाकाहारी : मग नक्की काय काय करायचं

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला चकल्या पाडत होते, सोऱ्या दाबता दाबता एकदम हातातला जोरच गेला. छातीत धडधड, कानात आपल्याच नाडीचा आवाज, आणि मी ओट्याखाली फतकल मारून बसले. जाऊबाई म्हणाल्या, "अगं होतं या वयात, मला पण व्हायचं." वय ४८, पाळी कधी वीस दिवसांनी कधी दोन महिन्यांनी, रात्री घामाने उशी ओली, त्यामुळे मलाही ते पटलं. डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पण मेनोपॉज म्हणून कॅल्शियम लिहून दिलं, रक्त काही तपासलं नाही. चार महिन्यांनी जिना चढताना दोनदा थांबावं लागलं तेव्हा दुसरीकडे गेले, हिमोग्लोबिन निघालं ८.४ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ६.

आमचं घर माळकरी. अंडंसुद्धा कधी ओट्यावर आलं नाही, त्यामुळे "मटण-कलेजी खा" हा सल्ला आमच्या कामाचा नाही. पण न खाताही रक्त भरतं, फक्त जरा क्रमाने करावं लागतं, आणि तो क्रम मला कुणी धड सांगितला नव्हता म्हणून हे लिहितेय.

आधी तपासणी, आणि फक्त हिमोग्लोबिनवर थांबू नका

धडधड, थकवा, चिडचिड, झोप नाही, केस गळतायत, हे सगळं मेनोपॉजमध्ये पण होतं आणि लोह कमी असलं तरी होतं, त्यामुळे नुसतं अंदाजाने ठरवता येत नाही. काही खुणा मात्र लोहाच्या जास्त आहेत, म्हणजे बर्फ चावत राहावंसं वाटणं, कच्चे तांदूळ तोंडात टाकणं, ओल्या मातीचा वास हवाहवासा वाटणं, रात्री पाय स्वस्थ न राहणं. मी डब्यातून तांदूळ काढून खायचे आणि मला ती सवय वाटायची!

सांगून करून घ्यायच्या टेस्ट चार : सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइडची टीएसएच. हिमोग्लोबिन म्हणजे आज ताटात काय वाढलंय ते, आणि फेरिटिन म्हणजे डब्यात पीठ किती उरलंय ते. डबा आधी रिकामा होतो, ताट नंतर. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ॲनिमिया. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपला, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खाली असलं तरी गोळ्या सुरू करतात. ताप, इन्फेक्शन, सांध्यांची सूज असं काही चालू असेल तर फेरिटिन उगाच वर दिसतं, तेव्हा ते डॉक्टरांना आधी सांगा.

बी-१२ का, तर जन्मभर शाकाहारी असलेल्यांमध्ये ते कमी असतंच बहुतेक वेळा. लोह कमी असलं की लाल पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या होतात, आणि दोन्ही कमी असेल तर सरासरी काढल्यावर रिपोर्टमध्ये साइझ नॉर्मल येते आणि सगळेच फसतात. थायरॉइड मंद असेल तर थकवा येतोच, वर पाळीत रक्तही जास्त जातं.

एक अजून, सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा घरातल्या असाल, पेशी खूप लहान दिसतायत पण फेरिटिन व्यवस्थित आहे, तर थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा आनुवंशिक दोष असू शकतो. विदर्भात सिकल सेल हा तसाच दुसरा आनुवंशिक दोष पण बघतात. त्यात लोहाच्या गोळ्या खाऊन उपयोग नाही, आधी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची तपासणी.

(राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या, पण तो आकडा १५ ते ४९ वयाचा आहे. पन्नाशी ओलांडली की आपण त्यांच्या मोजणीतच नाही.)

रक्त जातंय कुठून ते शोधा

ही पायरी सगळे गाळतात आणि थेट खजुरावर येतात. माझं पण तेच झालं होतं, महिनाभर रोज चार खजूर, आणि तिकडे पाळीत नऊ नऊ दिवस अंगावरून जातंय.

पाळी जायच्या आधीच्या वर्षांत होतं काय, की काही महिने बीज बाहेरच पडत नाही, मग प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड होत राहतं आणि मग दीड-दोन महिन्यांनी एकदम भरपूर जातं. त्याशिवाय फायब्रॉइड, पॉलिप, अॅडिनोमायोसिस अशा गर्भपिशवीतल्या गाठी आणि वाढी पण याच वयात त्रास देतात. म्हणजे पाळी उशिरा येतेय म्हणून रक्त वाचतंय असं नाही.

लिहून ठेवा. मी कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी लिहायचे, किती पॅड बदलले, गाठी पडल्या का. दर तास-दोन तासाला पॅड भिजतंय, रात्री उठून बदलावं लागतंय, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतायत, सात दिवसांच्या वर चाललंय, यातलं काहीही असेल तर ते "जास्त" आहे, मग तुम्हाला वीस वर्षं सवय असली तरी. हा कागद घेऊन गायनॅककडे जायचं. सोनोग्राफी होईल, आणि ४५ च्या पुढे असाल तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला सांगतील, घाबरू नका पण टाळू पण नका.

आणि "पिशवी काढून टाका, कटकटच नको" असं पहिल्याच भेटीत कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी २०१९ मध्ये केवढी गाजली होती, पण हे फक्त तिकडेच होतं असं समजू नका. कधी कधी ऑपरेशन खरंच लागतं, पण त्याआधी रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनची गोळी आहे, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी लूप आहे. मला लूप बसवली, चार-पाच महिन्यांत नऊ दिवसांचं दोन दिवसांवर आलं.

पाळी केव्हाच गेलीय आणि तरी लोह कमी? मग गळती पोटात शोधायची. मूळव्याध, अल्सर, गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या पेनकिलर, आणि क्वचित आतड्याचा कॅन्सर. त्या वयात कारण न शोधता नुसत्या गोळ्या खात बसणं मला तरी धोक्याचं वाटतं.

गोळी : कुठली यापेक्षा कधी

हिमोग्लोबिन ८-९ वर असेल तर नुसत्या खाण्याने ते भरून येत नाही, हे आधी मान्य करून टाका. गोळी डॉक्टरच देतील, फेरस ॲस्कॉर्बेट, फ्युमरेट, सल्फेट यातली काहीतरी. तुम्ही विचारायचं ते हे, की रोज घेऊ का एक दिवसाआड. लोहाची गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते साधारण दिवसभर पुढचं लोह आत घेऊच देत नाही, म्हणून दिवसातून दोन-दोन गोळ्या घेऊन फायदा दुप्पट होत नाही, पोट मात्र दुप्पट बिघडतं. मला एक दिवसाआड दिली, गोळीच्या दिवशी कालनिर्णयवर टिंब.

खरी गंमत पुढे आहे. या वयात घरात तीन गोळ्या असतात, थायरॉइड, कॅल्शियम आणि लोह, आणि तिघींचं एकमेकींशी पटत नाही. कॅल्शियमबरोबर घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. थायरॉइडच्या गोळीत आणि लोहात चार तासांचं अंतर लागतं. माझ्या सासूबाई तिन्ही एकत्र, वर दुधाबरोबर घ्यायच्या, "एकदाचं उरकलं" म्हणून.

माझं असं बसलं : सहाला उठल्यावर थायरॉइडची, अकराला लोहाची लिंबूपाण्याबरोबर (नाश्ता होऊन दोन-अडीच तास झालेले असतात आणि जेवण लांब), आणि कॅल्शियम रात्री जेवल्यावर. ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर ते पण सांगा, त्याने लोह कमी शोषलं जातं.

शी काळी होते, ते ठीक आहे. पण डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तर ते रक्त असू शकतं, लगेच दाखवा. बद्धकोष्ठ झालं, मळमळ झाली म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, गोळीतल्या लोहाचा प्रकार किंवा डोस बदलून मिळतो. पोटाला अजिबातच सोसत नसेल किंवा रक्त फार कमी असेल तर सलाईनमधून लोह देतात, ते हॉस्पिटलमध्येच. आणि बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, हिमोग्लोबिन ७ च्या आसपास, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आज जा.

चहा

याला वेगळा मथळा दिला कारण मला सगळ्यात अवघड हेच गेलं. चहातलं टॅनिन वनस्पतींमधल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते तसंच बाहेर जातं. मांसाहारी लोकांना मटणातलं लोह वेगळ्या वाटेने मिळतं, त्यांना चहाने तेवढा फरक पडत नाही. आपलं सगळं लोह धान्य-डाळी-भाज्यांतलं, त्यामुळे मार आपल्यालाच. म्हणजे बघा, पोह्यांवर लिंबू पिळायचं, ते लोहासाठी एकदम बरोबर, आणि लगेच वर कपभर चहा, की गेलं सगळं पाण्यात.

चहा सोडायचा नाही, सरकवायचा. जेवण-नाश्त्याच्या आधी एक तास आणि नंतर एक तास नाही. मी थायरॉइडच्या गोळीनंतर तासाभराने सातचा चहा ठेवला, पोहे साडेआठला, आणि दुपारचा चहा चारला. पाहुण्यांकडे पोहे-चहा एकत्र येतोच, तिथे मी चहाच आधी मागून घेते आणि गप्पा लांबवते, पोहे येईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. कॉफीचं पण तेच.

ताटात काय

आधी गैरसमज. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही, १०० ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमही लोह नसतं. गुळाचा चमचाभर खडा म्हणजे अर्धा मिलिग्रॅम धरा. पालकात लोह आहे, पण ते फारसं अंगी लागत नाही. आणि भारतीय बाईसाठी आयसीएमआरने २०२० मध्ये दिवसाचा आकडा दिलाय २९ मिलिग्रॅम, कारण आपल्या जेवणातल्या लोहापैकी जेमतेम पाच-दहा टक्केच अंगी लागतं. पाळी कायमची गेली की ही गरज उतरते.

त्यापेक्षा बाजरी. १०० ग्रॅमला साधारण सहा मिलिग्रॅम, म्हणजे एका मध्यम भाकरीत चारेक. भोगीला करतो तशी तीळ लावून करा, तीळ लोहाचा भरपूर. मोड आलेली मटकी, मसूर, चवळी, हरभरे, राजगिऱ्याची पालेभाजी, माठ, कारळ्याची चटणी. आळीव बाळंतिणीचे म्हणून आपण नंतर विसरतो, पण चमचाभर भिजवून रोज खाता येतात.

कडधान्य भिजवून मोड आणायचे, इडली-आंबोळीचं पीठ आंबवायचं, याने लोहाला अडवणारं फायटेट कमी होतं. आपल्या आज्या हे करतच होत्या. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळा, उकळलं की क जीवनसत्त्व जातं. पेरू, आवळा, कोथिंबीर, कच्चा टोमॅटो, काहीतरी आंबट-कच्चं ताटात दोन्ही वेळेला हवं.

लोखंडी कढई बाहेर काढा, किंवा बिडाची. नॉनस्टिक आल्यावर माझी माळ्यावर गेली होती. चिंचेची आमटी, टोमॅटोचं काही त्यात केलं की लोह उतरतं, आंबट जेवढं तेवढं जास्त. भाजी जरा काळपट होते, मुलं नाक मुरडतात, मुरडू देत. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर चवीला लोखंड लागतं, आणि कढई धुऊन पुसून तेलाचं बोट फिरवून ठेवा.

आणि उपास. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून महिन्यात सात-आठ दिवस आपण साबुदाण्यावर आणि चहावर काढतो. साबुदाणा म्हणजे नुसतं पिठूळ, त्यात लोह जवळजवळ नाही. मी उपास सोडले नाहीत, राजगिऱ्याचं थालीपीठ, शेंगदाण्याची आमटी आणि एक पेरू असं केलं. एवढंच, पांडुरंग काही रागावला नाही.

पुन्हा तपासायचं कधी

महिनाभराने सीबीसी. गोळी लागू पडत असेल तर तेवढ्यात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढायला हवं. माझं ८.४ वरून ९.९ झालं, चार महिन्यांनी १२.३, आणि तेव्हा मी आनंदात गोळी बंद करणार होते. करू नका. ताट भरलंय, डबा अजून रिकामा आहे, म्हणून अजून साधारण तीन महिने गोळी चालू ठेवतात आणि मग फेरिटिन बघतात. काहीच चढलं नाही तर गोळी नियमित घेतली का, चहा-कॅल्शियममध्ये अडकली का, गळती चालू आहे का, आतडं शोषत नाही का, या क्रमाने डॉक्टरांशी बोला. उलट साठा भरल्यावर "टॉनिक असू दे" म्हणून लोह वर्षानुवर्षं चालू ठेवू नका, पाळी गेल्यावर जास्तीचं लोह बाहेर जायची वाटच उरत नाही.

बारा महिने सलग पाळी नाही आली की ती गेली असं धरतात. त्यानंतर एक डाग जरी दिसला, अगदी फिकट गुलाबी आणि एकदाच, तरी "आली बहुतेक परत" म्हणून सोडायचं नाही, त्याच आठवड्यात गायनॅककडे.